रेचा आला, तरी गुलाम वाढले कसे?

मीनल_वाचते: लेकीला अमेरिकेचा इतिहास समजावत होते. १७९३ मध्ये एली व्हिटनीने कापसातून सरकी काढणारं यंत्र (म्हणजे रेचा) तयार केलं, हे ऐकून ती म्हणाली, "काम यंत्र करायला लागलं, मग गुलाम कमी का नाही झाले?" १७९० ला सात लाखांच्या आसपास होते, १८६० ला ३९ लाखांवर गेले. कोणी नीट सांगेल का?

पऱ्हाटी: ताई, आमचं घर यवतमाळकडचं, कापसाचं. यंत्राने फक्त सरकी वेगळी केली. पेरणी, निंदण, वेचणी माणसाच्या हातावरच राहिली. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी रुईला घट्ट चिकटलेली. एका माणसाचा अख्खा दिवस गेला तरी अर्धा किलो रुई मुश्किलीने निघायची. घोडं तिथेच अडलं होतं. रेचा आला आणि पेरा वाढवणं परवडायला लागलं. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीतल्या मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्याने हुसकावलं, त्या जमिनीवर कापूस लागला. पेरा वाढला तसे वेचणारे हात जास्त लागले.

वेचणी काय असते ते सांगतो. बोंड उकललं की त्याची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात. दिवाळीनंतर माझ्या आईच्या बोटांना रोज रात्री हळद-तेल लागायचं. आमच्याकडे चांगल्या हाताची बाई दिवसाला ४०-५० किलो वेचते, किलोमागे मजुरी घेते. लुईझियानात बारा वर्षं गुलामीत काढलेल्या सॉलोमन नॉर्थपने रोजचं माप २०० पौंड सांगितलंय, म्हणजे ९० किलो! संध्याकाळी टोपली काट्यावर चढायची. कमी भरली तर फटके. जास्त भरली तर दुसऱ्या दिवसापासून तेवढंच माप. हे वाचलं तेव्हा माझ्याच्याने पुढे वाचवेना.

सातारकर_मास्तर: पऱ्हाटीदादांच्या बोलण्याला जोडून. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती. मग हात आणले कुठून? व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून दक्षिणेला विकून. गृहयुद्धापर्यंत सुमारे १० लाख माणसं अशी हलवली गेली. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे. आणि उत्तरेचे हात कोरे होते असं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या हाच कापूस कातायच्या आणि त्याचं जाडंभरडं कापड गुलामांच्या अंगावर घालायला परत दक्षिणेत जायचं. त्याच गिरण्यांतल्या कित्येक बायकांनी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या, हेही लेकीला सांगा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तीही अर्पणपत्रिका तिला वाचायला द्या.

मीनल_वाचते: दोघांचेही आभार. आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, बोंड एवढं टोचतं का?

पऱ्हाटी: पत्ता मेसेजमध्ये टाका ताई. चार वाळलेली बोंडं पाठवतो, कापसासकट. तिला स्वतः वेचून बघू दे.