किंमतीची किंमत तपासा?

ताकपिठ्या: अँड्रॉइड शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. उदाहरण भाजीच्या अ‍ॅपचं, त्यात 'प्राइस' नावाचं व्हेरिएबल. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण खूण केलेल्या ओळीवर, कोड थांबला की त्याची व्हॅल्यू बघायची. शाळेत 'क्ष ची किंमत काढा' हेच घोटलेलं, त्यामुळे लिहून गेलो, 'किंमतीची किंमत तपासा'. बायको अजून हसतेय. व्हॅल्यू इन्स्पेक्ट करण्याला तुम्ही काय म्हणता?

ऱ्हस्वदीर्घ: आधी 'किमतीची' करा. गंमत–गमतीने, हिंमत–हिमतीने, तसं किंमत–किमतीने. आणि किंमत मुळात अरबी. 'मूल्य पडताळा' लिहा.

दहा_ते_दहा: ग्राहकाचं नाव 'सुमन' असेल तर नावाचं मूल्य सुमन का? मूल्य म्हटलं की मला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. शिवाय पडताळायचं म्हणजे कशाशी तरी ताडून बघायचं. इथे ताडायला आहे काय? आम्ही ऑफिसात सरळ विचारतो, 'प्राइसमध्ये काय येतंय?'

ऱ्हस्वदीर्घ: ऑफिसात काय बोलता त्यावर परिभाषा ठरत नाही.

दहा_ते_दहा: मग कुठे ठरते? जो शब्द कोणी बोलतच नाही, तो मुलांनी कोणाशी बोलायचा?

उंबरठा: 'निरखणे' घ्या की! निरीक्षणातला ईक्ष् (बघणे) हा धातू त्यातही आहे. परीक्षेतून 'पारखणे' आलं, तेही त्याच घरचं.

रात्रपाळी: निरखणे अर्धंच बरोबर. मी आयफोनवाली. एलएलडीबी या आमच्या चुका शोधायच्या साधनात 'व्ही' हा हुकूम नुसती मेमरी वाचतो, ते निरखणं. 'पीओ' मात्र अ‍ॅपचा कोड चालवून उत्तर आणतो. एकदा ब्रेकपॉइंटवर पीओ केलं की बग गायब, नुसतं चालवलं की परत हजर. दोन दिवस गेले. माझ्या पीओनंच एक लेझी प्रॉपर्टी, म्हणजे पहिल्यांदा मागितल्यावरच भरणारी, वेळेआधी भरली जात होती. व्ही केल्यावर दिसलं, तिथे अजून निलच, म्हणजे रिकामंच, आहे. आजी भेंडीचं टोक मोडून बघायची आणि भाजीवाली ओरडायची, 'नुसतं बघा, मोडू नका!' तर पीओ म्हणजे मोडून बघणं.

दहा_ते_दहा: झकास! अँड्रॉइड स्टुडिओतलं 'एव्हॅल्युएट एक्स्प्रेशन'ही त्याच जातीचं. त्यात फंक्शन टाकलं की ते खरोखर चालतं, यादीत भर घालणारं असेल तर यादी वाढते.

ऱ्हस्वदीर्घ: याला 'चाचपणे' आहे ना.

रात्रपाळी: चाचपलेली भेंडी विकली जाते हो, मोडलेली नाही.

ताकपिठ्या: माझं वाक्य मात्र अजून तसंच आहे. टिपणं उद्या द्यायचीत.

उंबरठा: आमच्याकडे गवारही मोडून बघतात.

रात्रपाळी: गवार? ती तर घरी आणून मोडायची!