चौघांच्या घराचा महिन्याचा खर्च: कात्री नेमकी कुठे लावायची?

सिंहगडरोडकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात स्वतःचा दोन बीएचके, माणसं चार, त्यातली दोन शाळेत जाणारी. वीज उन्हाळ्यात ३२०-३४० युनिट, एरवी अडीचशेच्या आसपास. गॅस सिलिंडरचा, पाइपलाइन सोसायटीत अजून आलेली नाही. किराणा महिन्याची यादी करून मॉलमधून येतो. "हॉटेलिंग बंद करा" आणि "दिवे बंद करा" हे दोन सल्ले कृपया वगळा, दोन्ही करून झालेत. मुलांच्या दूध-फळांना हात लावायचा नाही.

नेमके प्रश्न असे. ३०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं का? वर्षाचा गहू एकदम भरणं आता परवडतं का? तेलाचा पंधराचा डबा खरंच स्वस्त पडतो का? आणि गॅस जास्त दिवस पुरवायचा तर काय करायचं? आणखी कुठे पैसा गळत असेल तर तेही सांगा.

---

मीटरवाले काका

पहिल्याचं उत्तर: नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५००च्या पुढे असे आहेत. ३२० युनिट झाले तर वरचा दर फक्त शेवटच्या २० युनिटना लागतो. "तीनशे पार झालं, आता बिल दुप्पट" हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा शोध आहे. याची चांगली बाजू अशी की वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतं. म्हणून बिलाला युनिटने भागून येणारा सरासरी दर धरू नका. वरच्या टप्प्याचा वीज आकार, अधिक वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा), त्यावर १६ टक्के वीज शुल्क, असा हिशेब धरा. स्थिर आकार काहीही केलं तरी सुटत नाही.

आता वीज जाते कुठे? आधी गिझर. २० लिटरची बादली २४ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.४२ युनिट लागतं. चार माणसं, चार बादल्या, म्हणजे रोजचं पावणेदोन युनिट आणि महिन्याला पन्नास. हे पाणी तापवण्याचंच गणित आहे, त्यामुळे महागडा गिझर आणून त्यात फरक पडणार नाही. फरक पडतो तो तापमानाच्या खुंटीने. बहुतेक गिझर ६० किंवा त्याहून वर लावलेले असतात, मग त्यात थंड पाणी मिसळत बसायचं. खुंटी ५० वर आणा, आंघोळीआधी वीस मिनिटं लावा आणि चौघांच्या आंघोळी लागोपाठ उरका. सकाळी सहा ते दहा गिझर सुरू ठेवला तर टाकीच्या भिंतीतून जाणारी उष्णता पुन्हापुन्हा भरून काढावी लागते. गच्चीवर सोलर असेल तर नळीत साचलेलं सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरून धुण्याला किंवा फरशीला वापरा, मोरीत सोडू नका.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात. त्याने बिल फारसं वाढत नाही (उष्णता शेवटी पाण्यातच जाते), पण कॉइल जळते आणि तो खर्च वेगळा.

दुसरा नंबर पंख्यांचा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, रिमोटवर चालणारा) साधारण ३० वॅट. रोज १२ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटला सगळं धरून १२ रुपये पकडले तर १९० रुपये. तीन हजारांचा पंखा दीड वर्षाच्या आत वसूल होतो, पण तो हॉल किंवा बेडरूमचाच. तासभर लागणारा स्वयंपाकघरातला पंखा बदलून काही मिळत नाही. आणि एक चूक सर्रास होते: जुना भिंतीवरचा रेग्युलेटर तसाच ठेवून बीएलडीसी लावतात. मग पंखा घूंऽऽ करतो, रिमोट ऐकत नाही, कधी आतलं सर्किटच जातं. इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून तिथे थेट जोडणी करून घ्या.

सेट-टॉप बॉक्स १० वॅटचा धरला तरी चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात. टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद करा, रिमोटने नाही.

फ्रिजच्या दाराचं रबर तपासा. दारात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्याने खाच साफ करा. निम्म्या वेळा तेवढ्याने काम होतं.

कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं की बिलामागे १० रुपये सूट मिळते, आणि बिलावरच्या लवकरच्या तारखेआधी भरलं तर आणखी साधारण एक टक्का.

---

भुसारआळी

गव्हाचं आणि तेलाचं मी सांगतो.

आधी लागतो किती ते काढा. किलोभर कणकेच्या घडीच्या पोळ्या साधारण ३५ होतात. घरात रोज १६ पोळ्या लागत असतील तर महिन्याला पावणेचौदा किलो, वर्षाला १६५च्या आसपास. नवा गहू होळीनंतर बाजारात येतो, एप्रिल-मेमध्ये भरपूर असतो. मार्केट यार्डात भुसार (धान्याच्या) विभागात कट्टा घेताना भाव विचारण्याआधी गहू मशीन क्लीन आहे का ते विचारा. क्विंटलमागे तीन किलो काडीकचरा निघाला तर किलोमागे मिळालेली रुपयाभर सूट तिथेच गेली. निवडायचे कष्ट वेगळे.

वाळलेला आहे का ते दाताने कळतं. दाणा कट् करून तुटला पाहिजे, चावताना दबला तर दमट आहे. दोन दिवस पातळ थर करून कडक ऊन द्या आणि मग (इथे सगळे घाई करतात) रात्रभर सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम गहू कोठीत भरला की झाकणाला आतून घाम सुटतो, वरचा थर चिकटतो, बुरशी धरते आणि टोके (धान्यातले किडे) होतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, हिरवा नाही. कोठी जमिनीपासून वर, विटेवर किंवा पाटावर ठेवा आणि भिंतीला चिकटवू नका.

धान्यात ठेवायच्या म्हणून कुणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या देऊ केल्या तर घरात आणू नका. त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. बंद फ्लॅटमध्ये तो जीव घेतो. ते गोदामवाल्यांचं काम आहे.

तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवलं की वर्षभर टिकते. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने धुवा. रवा, बेसन, शेंगदाणे मात्र वर्षाचे भरायचे नाहीत. शेंगदाणे खवट होतात, रव्यात अळ्या होतात. महिन्याचेच आणा, रवा कोरडा भाजून गार करून ठेवा.

गिरणीत एक पाहा: दगडांना नुकतीच टाकी लावली (छिन्नीने टाके घातले) असेल तर त्या दिवशीचं पहिलं दळण आपलं नको, पिठात कच येते. गिरणीवाला विचारल्यावर खरं सांगतो.

तेलाचा डबा. "पंधराचा डबा" म्हणून दुकानात दोन वेगळ्या गोष्टी असतात: १५ किलो आणि १५ लिटर. लिटरभर खाद्यतेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३.६५ किलोच. दोन्ही डबे दिसायला सारखे, फरक जवळजवळ दीड लिटरचा. डब्यावरचं निव्वळ वजन वाचा आणि किमतीला किलोने भागा. पिशवीचंही तेच: पूर्वी एका लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम असायचे, आता ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्याही पिशव्या तशाच जाडीच्या मिळतात. पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात. तो वाचलात तर कळेल की मोठा पुडा नेहमी स्वस्त नसतो.

चौघांना महिन्याला तीन लिटर लागत असेल तर डबा पाच महिने उघडा राहणार, तेवढ्यात तेलाला वास लागतो. शेजाऱ्यात वाटून घेणार असाल तर डबा, नाहीतर पाच लिटरचा कॅन.

---

गॅलरीत_ऊन_नाही

भुसारआळींशी तेलापुरती सहमत, गव्हाला नाही. सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये १६५ किलो गहू वाळवणार कुठे? गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे. कोठ्या ठेवायला बेडरूमचा कोपरा जातो, शिवाय वर्षाचे पैसे एकदम गुंतून पडतात. आणि पावसाळ्यात एकदा टोके झाले की सगळी बचत मुंग्यांना. अशा घरांनी ३० किलोचा एक कट्टा दोन महिन्यांसाठी आणावा आणि गिरणीतून दळावा. तयार आट्याच्या तुलनेत निम्म्याहून जास्त फायदा त्यातच मिळतो.

---

भुसारआळी

हे मान्य. ऊन आणि कोरडी जागा नसेल तर वर्षाचा भरूच नका.

---

शिट्टी_मोजू_नका

गॅस पुरवायचा तर आधी तो पूर्ण मिळतोय का ते बघा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, समजा १५.८. मग भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. गाडीवरच्या माणसाकडे वजनकाटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे. सही करण्याआधी मागा, नंतर नाही. त्याच पट्टीवर सी-२७ असं काही लिहिलेलं असतं, ती टाकीच्या तपासणीची मुदत (ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे, पुढे वर्ष). मुदत उलटलेली टाकी परत करा.

आता कुकर. शिट्ट्या मोजणं हा गॅस वाया घालवायचा खात्रीचा मार्ग. शिट्टी म्हणजे विकत घेतलेली वाफ बाहेर. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ बारीक आचेवर आठ-दहा मिनिटांत होते. गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या, शिजण्याचा शेवटचा भाग तेव्हाच होतो. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडली तर डाळ बोटचेपी राहते आणि पुन्हा लावावी लागते. राजमा, छोले, चवळी आठ तास भिजलेच पाहिजेत. भात, डाळ, बटाटे एकाच वेळी डब्यात, खाली दीड-दोन वाट्या पाणी. त्याहून जास्त पाणी म्हणजे तेवढं पाणी उगाच उकळणं.

शिट्टी व्हायला वेळ लागतोय आणि झाकणाच्या कडेने वाफ येतेय? रिंग कडक झाली. फ्रीजरमध्ये ठेवून दोन-चार दिवस निघतील, पण नवीन आणा, त्याच कंपनीची आणि त्याच मापाची.

भांड्यांची बुडं काळी होत असतील तर ज्योत पिवळी आहे, गॅस अर्धवट जळतोय. बर्नरचं डोकं काढून सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, भोकं सेफ्टी पिनने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. पण खालच्या पितळी जेटमध्ये (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात) सुई घालू नका. त्याचं भोक जराही मोठं झालं की जास्त गॅस येतो आणि ज्योत कायमची बिघडते. पुढे पाइपलाइन आली की जेट बदलावे लागतात. ते एमएनजीएलच्या (पाइपलाइन गॅस कंपनीच्या) माणसाकडूनच करून घ्या.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. गिझर सध्या ६५ वर आहे, आजच खाली आणते. तेलाचं कपाटातलं बघितलं, पिशवीवर ८५० ग्रॅमच लिहिलंय! भाजीबद्दल कुणी सांगेल का? आणि घरपट्टीत काही वाचतं का, फ्लॅट २०२० चा आहे.

---

पेठेतली_मावशी

भाजी: मार्केट यार्डात फळ-भाजी विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी तुडुंब. दोन-तीन घरांनी मिळून टोपली-क्रेट उचलायचं असेल तरच तिकडे जा, पाव-पाव किलोसाठी रिक्षाभाडं घालवू नका, त्याला मंडई किंवा कोपऱ्यावरचा भाजीवाला बरा. पालेभाजीची जुडी आणल्या आणल्या सोडा, कारण मधल्या ओल्या काड्या आधी सडतात. धुऊ नका. मुळं कापून कोथिंबीर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, फडकं ओलं झालं की बदला. कांदे-बटाटे एका टोपलीत नको.

---

करसंकलन

ताई, २०२० चा फ्लॅट असेल तर सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक इथेच आहे. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत देते. पण १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ अर्ज भरावा लागतो. बिल काढा आणि सवलत धरली आहे का ते बघा. नसेल तर पीटी-३ सोबत सोसायटीचं तुम्ही स्वतः राहता असं पत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा (मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, गॅसचं कार्ड, रेशन कार्ड यांपैकी) जोडून क्षेत्रीय कार्यालयात द्या. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याचंही बिल जोडायचं, सवलत एकाच घराला मिळते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

याशिवाय बिल पहिल्या मुदतीत भरलं तर सामान्य करात ५ किंवा १० टक्के सूट असते. सोसायटीत सोलर, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय चालू असेल तर तीही वेगळी सूट आहे, पण ती सोसायटीने नोंदवावी लागते. कमिटीला विचारा, प्रकल्प गच्चीवर असतो आणि अर्ज केलेलाच नसतो. घर दोघांच्या नावावर असेल तर अर्जावर दोन्ही नावं लिहा.