सशाचं पोट बंद पडलंय. घरी भरवायचं कसं, किती, आणि कधी थांबायचं?

पाटखळ_सातारा

नर ससा, वय ४ वर्षं, वजन १.८ किलो. काल रात्रीपासून खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद. पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसतो, मधूनमधून दात खातो. आज सकाळी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवला. एक्स-रेमध्ये जठरात आणि आंधळ्या आतड्यात (सीकम, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) वायू आहे, अडथळा दिसत नाही. तिथे कातडीखाली सलाइन आणि वेदनाशामक इंजेक्शन दिलं. घरी द्यायला मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं पातळ औषध आणि हाताने भरवायची गवताची पावडर दिली आहे. उद्या पुन्हा बोलावलंय.

विचारायचं ते असं: दिवसाला पावडर किती, किती वेळा? रात्री उठून द्यावी लागते का? सिरिंज तोंडात घातली की थुंकतो, मान फिरवतो. पाण्याला तोंड लावत नाही. आणि कोणती लक्षणं दिसली तर उद्याची वाट न बघता लगेच गाडी काढायची?

चारापाणी

आधी क्रम लक्षात ठेवा, कारण घाईने भरवण्यात बहुतेक जण इथेच चुकतात: ऊब, वेदना, पाणी आणि शेवटी अन्न. सशाचं आतडं दुखलं की हालचाल थांबवतं. हालचाल थांबली की वायू साठतो आणि वायूने दुखणं आणखी वाढतं. त्या चक्रात वेदना तशीच ठेवून नुसतं अन्न ढकललं तर ते जठरातच पडून राहतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत यायला वाट नाही.

तापमान घ्या. घरातला डिजिटल थर्मामीटर चालेल, टोक लवचिक असेल तर उत्तम. टोकाला व्हॅसलीन लावा, सशाची पाठ तुमच्या छातीला टेकवून मागचे पाय आधाराने धरा आणि दीड-दोन सेंटिमीटरच आत घाला. झटका दिला तर लगेच बाहेर काढा. उताणा अजिबात करू नका. नीट असलेल्या सशाचं तापमान १०१.३ ते १०४ फॅरनहाइट असतं. १००.४ च्या खाली असेल तर भरवणं थांबवा, आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली दोन पदरी कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. दोन्हीकडून घेरू नका. नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

मेलॉक्सिकॅम डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच, बाटली नीट हलवून. लेबल वाचा: कुत्र्यांच्या बाटलीत १ मिलीत १.५ मिग्रॅ असतं, मांजरांच्या बाटलीत ०.५ मिग्रॅ. दुसरी बाटली आणून तेवढेच मिली दिले तर डोस तिप्पट होतो किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ससा सुकलेला असताना या औषधाचा ताण मूत्रपिंडावर येतो, म्हणून पाणी पोटात जात राहणं महत्त्वाचं.

आता पावडर. तयार मिश्रण दिवसाला किलोमागे ५० मिली, म्हणजे तुमच्या सशाला ९० मिली. ते ५-६ वेळांत वाटा, एका वेळी १५ ते १८ मिली. पहिल्या दिवशी मात्र निम्म्याने सुरू करा. पहिल्या खेपेला ५-६ मिली पुरे. तास-दोन तासांनी पोटाला हात लावून बघा. मऊ असेल तर पुढच्या खेपेला वाढवा. एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी, दहा मिनिटं भिजू द्या. फुगल्यावर घट्ट वाटलं तर आणखी चमचाभर पाणी. कालवलेलं उरलं तर फ्रीजमध्ये, आणि २४ तासांनी टाकून द्या. फ्रीजमधलं गार कधी देऊ नका. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

सिरिंजचं टोक बारीक असतं, तंतू अडकतात, मग जोर लावला की एकदम ५ मिलीची पिचकारी घशात जाते. धोका तिथे आहे. २ किंवा ३ मिलीची सिरिंज घ्या (सुई फेकून द्या), टोक ब्लेडने तिरकं कापा आणि कड नखांच्या कानशीने गुळगुळीत घासा. मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळून घेतलं तर अडकत नाही.

ससा टॉवेलात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. टेबलावर घसरू नये म्हणून खाली जुनी चटई. पुढच्या दातांमागे गालाच्या बाजूला रिकामी जागा असते, तिथून सिरिंज आडवी घाला, घशाच्या दिशेने नाही. अर्धा ते एक मिली सोडा. चावताना, गिळताना दिसला की पुढचं. मान वर करून भरवू नका. थुंकणं चालेल, तोंडात गेलंय एवढं नक्की. नाकातून पातळ आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करा, पुसा. त्यानंतर श्वासात घरघर आली तर फुप्फुसात गेलंय असं धरून डॉक्टरांना फोन करा.

ससेपालक_गोरेगाव

वरचं सगळं बरोबर, पण गाळणीचा मुद्दा सोडून. गाळणीत जे अडकतं तेच लांब तंतू आतड्याला चालना देतात. गाळून उरतो पीठ-पाण्याचा भाग. त्यापेक्षा कोरडी पावडर मिक्सरच्या छोट्या भांड्यात पुन्हा फिरवून बारीक करा आणि सिरिंजचं भोक मोठं ठेवा.

पावडर संपली आणि गावात मिळत नसेल तर सशाचे साधे पेलेट, म्हणजे दाबलेल्या खाद्याच्या गोळ्या (बी, मका, रंगीत तुकडे नसलेले) कोरडे दळून कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा. सेरेलॅक, दूध, नाचणीचं सत्त्व, केळं नको. पिष्ट आणि साखर आंधळ्या आतड्यात आंबते आणि वायू वाढतो.

रात्रीचं: लेंड्या सुरू होईपर्यंत रात्रीची एक खेप चुकवू नका. सुरू झाल्या की झोपताना एक, पहाटे एक, मध्ये सहा तासांचं अंतर चालतं. आजारी सशाला अखंड झोपही लागते, दर तासाला उचलून त्याचा जीव नकोसा करू नका.

पाटखळ_सातारा

तापमान आत्ता घेतलं, ९९.६ आलं. बाटली ठेवली आहे. मेडिकलवाल्याने लहान बाळांच्या पोटदुखीचे थेंब दिलेत, शेजारच्या काकू म्हणतात अननसाचा रस द्या, केसांचा गोळा विरघळतो. आणि घरात माणसांची अॅमॉक्सिसिलिन आहे, ‘जंतू असतील तर’ म्हणून देऊ का?

पशुवैद्य_परभणी

तिन्हींवर स्पष्ट सांगतो.

अॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नका. अॅम्पिसिलिन, सेफालेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही सगळी तोंडावाटे सशाला घातक. आंधळ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूची वाढ होते आणि त्याच्या विषाने पातळ हगवण लागून ससा काही दिवसांत जातो. सशाला चालणारी प्रतिजैविकं आहेत, पण ती डॉक्टरांनी लिहिली तरच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको. पिसवांसाठी फिप्रोनिल असलेला स्प्रे घरात असेल तर तो सशापासून लांब ठेवा.

थेंबांची बाटली उलटी करून घटक वाचा. नुसतं सिमेथिकोन (वायूचे बुडबुडे फोडणारं औषध) असेल तर फायदा होईलच असं नाही, नुकसान सहसा होत नाही. पण आपल्याकडच्या पोटदुखीच्या थेंबांत बऱ्याचदा डायसायक्लोमिन असतं. ते आतड्याची हालचाल कमी करतं, म्हणजे तुमच्या सशाला जे हवंय त्याच्या अगदी उलट. तसं असेल तर एक थेंबही नको.

अननसाचा रस केस विरघळवत नाही. केस जठरात नीट सशाच्याही असतात. पाणी कमी पडलं आणि हालचाल थांबली की त्यांचा अन्नाबरोबर सुकून गोळा होतो. गोळा हा परिणाम आहे, मूळ कारण नाही. रसातली साखर मात्र नक्की त्रास देते. त्याऐवजी पाणी द्या. पावडरीतल्या पाण्याखेरीज साधं कोमट पाणी दिवसभरात ८०-१०० मिली, ५-५ मिलीने. निपलची बाटली काढा, जड तळाची मातीची वाटी ठेवा. आजारी ससा वाटीतून जास्त पितो. कोथिंबीर धुऊन पाणी निथळू न देता समोर ठेवली तरी थोडं पाणी जातं.

कातडीखालचं सलाइन घरी द्यायला शिकवलं तर रिंगर लॅक्टेटच (क्षार असलेलं एक प्रकारचं सलाइन), अंगाइतकं कोमट करून, डॉक्टर सांगतील तेवढे मिली. डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली नको. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी उचलून तंबू करायचा, सुई तंबूच्या पोकळीत. फुगवटा येतो आणि काही तासांत उतरतो.

९९.६ हे कमी आहे. तासाभरात १००.४ च्या वर आलं नाही तर आजच निघा. याशिवाय पुढचं काहीही दिसलं तरी निघा: पोट ढोलासारखं ताणलेलं, हाताला दाबत नाही, एका कुशीवर पडून उठत नाही, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर, तोंड उघडून श्वास. पोट ताणलेलं असताना चोळू नका, भरवू नका आणि आतड्याला चालना देणारं औषधही नको, आत अडथळा असेल तर जठर फुटू शकतं. सकाळच्या एक्स-रेत अडथळा नव्हता म्हणून रात्री नसेलच असं नाही. दवाखान्यात रक्तातली साखर मोजायला सांगा. ३६० मिग्रॅच्या पुढे असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो.

पाटखळ_सातारा

थेंबांत डायसायक्लोमिन आहे, बाजूला ठेवले. तापमान १०१.१ झालं. आठ मिली घेतलं, पोट मऊ आहे. लेंडी अजून नाही. खाली काय अंथरू? मागचा भाग ओला झालाय.

हरळी

तापमान वर येऊन स्थिर असेल तर बाटली काढून घ्या. ऊब लागते म्हणून ती तशीच ठेवून ससा तापवून टाकतात, तेही बरं नाही.

अंथरायला खाली शोषणारा पॅड (लहान बाळांचा चालतो, पण कुरतडत नाही ना बघा), त्यावर पोलर फ्लीसचं ब्लँकेट. लघवी खाली जाते, अंग कोरडं राहतं. लाकडाचा भुसा नको. जाळीवर उघडा ठेवू नका, तळपाय सोलतात. पूर्ण आंघोळ घालू नका, धसक्याने आणि गारठ्याने प्रकृती बिघडते. फक्त मागचा भाग कोमट पाण्याने धुवा आणि टॉवेलने टिपून कोरडा करा. हळद, खोबरेल, टाल्कम, झिंकचं मलम काही नको; तो चाटतो.

आणि माशा. ओल्या मागच्या भागावर माशी अंडी घालते आणि २४ तासांच्या आत अळ्या निघून कातडीत शिरतात. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार झपाट्याने होतं. सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून बघा, पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. अळ्या दिसल्या तर फिनाइल, डेटॉल, रॉकेल काही ओतू नका. तसाच दवाखान्यात न्या.

खाली पांढरा कपडा ठेवलात तर लेंड्या मोजता येतात. सुरुवातीला बारीक, काळ्या, वाकड्या, कधी चिकट शेंबडासारख्या आवरणातल्या येतील. ही चांगलीच खूण आहे. पुढे आकार वाढत जाऊन वाटाण्याएवढ्या, फोडल्यावर आत गवताचे तंतू दिसणाऱ्या झाल्या पाहिजेत. द्राक्षाच्या घडासारखा मऊ, चकचकीत पुंजका दिसला तर पुसून टाकू नका, तो पुंजका ससा स्वतः खातो आणि त्याला त्याची गरज असते. भरवूनही २४ तासांत एकही लेंडी नाही, तर पुन्हा एक्स-रे.

जोडीदार ससा असेल तर त्याला जवळच ठेवा, गरज पडली तर मध्ये जाळी. चार दिवस वेगळे ठेवले तर परत आणल्यावर भांडतात, आणि एकटेपणाने आजारी ससा आणखी गळतो.

चारापाणी

गाळण्याबद्दल वर दिलेली दुरुस्ती मान्य, पुन्हा दळणंच बरं.

उद्या जाल तेव्हा दाढा बघायला सांगा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे आठवड्याला साधारण २-३ मिलीमीटर. गवत चघळलं नाही तर दाढांना अणकुचीदार कडा येतात, जीभ-गाल कापले जातात, आणि पोट बंद पडण्याचं मूळ तोंडात असतं. खुणा: मऊ कोथिंबीर खातो पण गवत सोडतो, हनुवटी ओली, घास तोंडातून पडतो. शुद्धीतल्या सशाच्या मागच्या दाढा नीट दिसत नाहीत, गुंगी द्यावी लागू शकते. ती तो थोडा सावरल्यावर. एक्स-रेमध्ये मूत्राशयात चुन्याचा साका दिसतो का तेही विचारा, त्या दुखण्यानेही खाणं सुटतं.

तो आधी काय खात होता हेही लिहा. चपाती, बिस्किटं, भिजवलेले हरभरे, रोज मोठं गाजर, असं असेल तर ते बंद. टिमोथी (सशांना देतात ते वाळलेलं गवत) मागवून येईपर्यंत ताजी हरळी द्या. रस्त्याकडेची, फवारणी झालेली नको. धुऊन, निथळून, ढीग न करता पसरून ठेवा, ढिगात ती तापते. सोबत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा थोडा पाला. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. स्वतःहून खायला लागला तरी भरवणं एकदम तोडू नका. आधी रात्रीची खेप कमी करा, मग दुपारची. रोज एकाच वेळी वजन करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तुमच्या सशाचं वजन दोन दिवसांत ८०-९० ग्रॅमने उतरलं तर खेपा पुन्हा वाढवा आणि डॉक्टरांना आकडा कळवा.