अनुभव धागा : केंटकीत बर्बनची डिस्टिलरी बघताना

धागाकर्ता
दर उन्हाळ्यात भारतातून आईबाबा, सासूसासरे येतात. नायगारा-वॉशिंग्टन उरकलं की 'आता कुठे?' सुरू होतं. केंटकीच्या आसपास राहणाऱ्यांना बर्बनच्या (मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीच्या) डिस्टिलऱ्या हा चांगला पर्याय आहे, न पिणाऱ्यांनासुद्धा. इथे कामाचं लिहा : बुकिंग, अंतरं, आत काय बघायचं, कुठे फसगत होते. 'आम्ही काय धमाल केली'साठी वेगळा धागा काढू.

लुईव्हिलकर
दिवसाला दोन डिस्टिलऱ्या, फार तर तीन. टूर तास-सव्वा तासाची असली तरी पोचणं, चेक-इन, चाखणं आणि दुकान धरून दोन तास जातातच. आणि दिशा मिसळू नका. बार्ड्सटाउनची बाजू एका दिवशी : लुईव्हिलहून साधारण ४० मैल, वाटेत क्लेरमाँटला जिम बीम, गावात हेवन हिल, पुढे लोरेटोला मेकर्स मार्क. फ्रँकफर्टची बाजू दुसऱ्या दिवशी : बफलो ट्रेस, लॉरेन्सबर्गला फोर रोझेस आणि वाइल्ड टर्की, व्हर्सेल्सजवळ वुडफर्ड रिझर्व्ह. शेवटचे मैल गावाकडच्या दुपदरी रस्त्यांचे असतात, तेव्हा मॅपच्या वेळेत वीसेक मिनिटं वाढवा. उशीर झाला तर बऱ्याच ठिकाणी तुमची टूर निघून गेलेली असते.

बफलो ट्रेसची टूर फुकट आहे, म्हणूनच ती आधी भरते. ती मिळाली की बाकीच्या तिच्याभोवती बसवायच्या, उलट करायला गेलात तर जमत नाही. मे महिन्याचा पहिला शनिवार डर्बीचा, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा. त्या आठवड्यात लुईव्हिलच्या हॉटेलांचे भाव बघूनच झिंग येते.

वय २१ पूर्ण लागतं. पाहुण्यांचा मूळ पासपोर्ट जवळ हवा, फोनमधला फोटो दाखवून भागेल असं समजू नका. लहान मुलांना अनेक ठिकाणी टूरवर येऊ देतात, चाखायला अर्थात नाही.

गाडी चालवायचीच नसेल तर लुईव्हिलच्या मेन स्ट्रीटवर ओल्ड फॉरेस्टर, मिक्टर्स, एव्हन विल्यम्स हे सगळं पायी होतं. ओल्ड फॉरेस्टरला बॅरल तयार होताना आणि आतून जाळताना बघायला मिळतं.

लेक्झिंग्टनहून
'दर उन्हाळ्यात' लिहिलंय, तिथेच मेख आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच डिस्टिलऱ्या काही आठवडे उत्पादन थांबवतात. थंड करायचं पाणीच कोमट झालेलं असतं, आंबवण तापते आणि यीस्ट बिघडतं. शिवाय वार्षिक दुरुस्तीही याच काळात उरकतात. टूर चालू राहते, पण टाक्या रिकाम्या आणि स्टिल (दारू उकळून गाळायचं भांडं) गप्प. तिकीट काढण्यापूर्वी 'त्या तारखांना डिस्टिलेशन चालू आहे का' एवढं ईमेलवर विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले.

चालू कारखान्यात आंबवणीच्या टाक्यांपाशी रेंगाळा. मका किमान ५१ टक्के, बहुतेकांचा ७०च्या आसपास. बाकी राय (गव्हासारखं एक धान्य, rye) किंवा गहू, आणि थोडं बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. मका जवळजवळ उकळत्या पाण्यात शिजतो, राय त्यानंतर कमी तापमानाला, आणि माल्ट सगळ्यात शेवटी ६५ अंशांच्या आसपास, कारण त्याहून फार तापवलं तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मरतात. पहिल्या दिवसाच्या टाकीत बोट बुडवून चाखू देतात तिथे चाखा : गोड खिमट. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची आंबट, बिअरसारखी. मात्र टाकीवर वाकून खोल श्वास घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड काठापर्यंत साचलेला असतो, नाकात सणकन चढतो.

'सावर मॅश' (आंबट केलेलं धान्याचं मिश्रण) समजावताना गाइड हमखास म्हणतात की जुन्यातलं थोडं नव्यात घालायचं. आपल्याला लगेच विरजण आठवतं, पण ते तसं नाही. घालतात ते स्टिलमधून उकळून निघालेलं पाणी, त्यातलं यीस्ट मेलेलं असतं. उपयोग आंबटपणाचा. इथलं पाणी चुनखडीतून येतं, लोह जवळजवळ नसतं पण कॅल्शियम भरपूर. ते आंबट केलं की नको ते जिवाणू दबतात आणि नवं यीस्ट जोमाने वाढतं.

बॅरलवाला
वेळ कमी असेल तर बॉटलिंग सोडा, गोदाम सोडू नका. इथे त्याला रिकहाऊस म्हणतात : लाकडी सांगाड्याची उंच इमारत, एसी नाही. स्टिलमधून निघतं ते पाण्यासारखं पारदर्शक, रंग सगळा लाकडाचा. कायद्याने ओक नवा आणि आतून जाळलेला लागतो, दारू भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. बॅरल २०० लिटरचं. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. वरच्या मजल्यांवर उकाडा जास्त. तिथे पाणी अधिक उडतं, म्हणून दारूचा कडकपणा वाढत जातो आणि लाकूडही जास्त उतरतं. तळाशी सगळं सावकाश. मेकर्स मार्क म्हणूनच बॅरलं वरखाली फिरवतं, फोर रोझेस गोदामंच एकमजली ठेवतं.

आत गेलात की बॅरलांची बुचं बघा, सगळी वरच्या बाजूला. भरलेलं बॅरल सव्वादोनशे किलोंच्या वर, एकदा मांडणीत ढकललं की जागेवर फिरवता येत नाही. त्यामुळे ढकलणारा आधीच हिशेब करतो की किती गडगडल्यावर बूच वर येईल, आणि त्या बेताने सुरुवातीला ते तिरकं ठेवतो. चुकलं तर बूच खाली आणि गळती.

बाहेर झाडांची खोडं, भिंती, रस्त्याचे फलकसुद्धा काजळी धरल्यासारखे दिसतील. धूर नव्हे, उडणाऱ्या दारूच्या वाफेवर वाढणारी बुरशी आहे.

सिनसिनाटीकर
एकेक नमुना १०-१५ मिलीचा, पण दोन ठिकाणचे मिळून आठ-दहा होतात. केंटकीत गाडी चालवणाऱ्याला रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. चालकाने घोट न घेता फक्त वास घ्यावा, किंवा सरळ गाडी ठरवावी. दुकानात घेतलेली बाटली वाटेत उघडायची नाही, डिकीत ठेवायची.

चाखताना कमी प्रूफकडून जास्तीकडे जा (प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट). तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर नाकाला नुसता झोंबतो. ११०च्या वरच्या प्रूफमध्ये चमचाभर पाणी घाला. यात कमीपणा काही नाही, उलट वास मोकळा होतो.

शाकाहारींसाठी : लुईव्हिलमध्ये बेनेडिक्टिन सँडविच मागा, काकडी आणि क्रीम चीजचं. हॉट ब्राउन या तिथल्या सँडविचमध्ये टर्कीचं मांस असतं.

मडगावहून
जळकी बॅरलं बर्बनसाठी दुसऱ्यांदा वापरता येत नाहीत, म्हणून ती जगभर विकली जातात. आमच्या कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट त्यांतच मुरते. दोन्ही बघणाऱ्याने वास ताडून पाहावा : व्हॅनिलाचा धागा सामाईक आहे. गोव्याच्या उकाड्यात मात्र बाष्पीभवन केंटकीच्या दुपटीच्या आसपास, त्यामुळे तिथली दहा-बारा वर्षांची मिजास इथे परवडत नाही.

लुईव्हिलकर
मेणाचं राहिलंच. मेकर्स मार्कला विकत घेतलेली बाटली स्वतः लाल मेणात बुडवता येते. झटक्यात बुडवा, वर काढताना हळू फिरवा, मग लगेच सरळ धरा. ओघळ उतरतात ते तेव्हाच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बुकिंगच्या वेळीच लिफ्ट आणि शटलची चौकशी करा. रिकहाऊसमध्ये उंबरे, उतार आणि अंधार तिन्ही असतात.

न्यू जर्सीहून
सामान : ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात अजिबात चालत नाही. २४ ते ७० टक्क्यांमधली सीलबंद असेल तर चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटर. बॅरल प्रूफ (पाणी न मिसळता बाटलीत भरलेली) घेताना लेबल वाचा, काही बाटल्या १४० प्रूफच्या पुढे जातात. भारतात उतरताना मात्र माणशी २ लिटरच करमुक्त, म्हणजे ७५०च्या दोन. मान आणि बूड मोज्यात, बाटली कपड्यांच्या मध्यभागी. मेण लावलेली असेल तर वर प्लास्टिकची पिशवी, उन्हात बॅग तापली की मेण चिकटतं. आणि पुढे वर्धा, गडचिरोली किंवा बडोद्याला जायचं असेल तर तिथे दारूबंदी आहे, बाटली मुंबई-पुण्यातच कुणाकडे ठेवा.