अनुभव धागा : पहिलं दार कुठलं ठोठावलंत?

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडताना पहिली मदत कुठे मिळाली, एवढंच लिहा. कायदा सगळे सांगतात. कुठल्या टेबलापाशी जाऊन बसायचं ते कोणी सांगत नाही. खरी नावं नकोत, सासरच्यांचीही.

मोगरा :
पोलीस ठाण्यात तीनदा गेले. तिन्ही वेळा एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) आणि "ताई, घरचं भांडण आहे, मिटवून घ्या." तिसऱ्यांदा पायरीवर बसून राहिले, तेव्हा एका महिला शिपायाने हळूच सांगितलं, महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात जा. तोही पोलिसांच्याच आवारात, म्हणून पाय उचलेना. पण तिथे वर्दी नव्हती, समाजकार्य शिकलेल्या दोघी होत्या. (मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलिसांनी मिळून हे सुरू केलं, हे मागाहून कळलं.) त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आठ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला घटस्फोट नको होता. मार थांबायला हवा होता, आणि रेशनकार्ड, लेकीचा जन्मदाखला. त्यांनी नवऱ्याला पत्र धाडलं. दोन तारखा चुकवून तो आला, टेबलावर पिशवी आपटली. कागद होते, माझ्या दोन साड्या होत्या आणि लेकीचा एक बूट. एकच.

वांद्र्याचा :
आईला भाभा रुग्णालयात नेलं. नेहमीसारखं "न्हाणीघरात पडले" म्हणाली. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं आणि तिला तिथल्याच 'दिलासा' या, घरी मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या मदत केंद्रात पाठवलं. केसपेपरवर खरं कारण लागलं ते त्या दिवशी. कोर्टात तोच कागद कामी आला. आधीच्या तीन केसपेपरांवर पडणंच आहे.

चाळिशीतली :
मला पगार आहे, म्हणजे फुकट वकील मिळणार नाही, हा माझा गैरसमज. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अटच नाही. "घर सासूच्या नावावर, तुझा काय संबंध?" हे रोज ऐकायचे. वकीलबाईंनी २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला : घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी सून तिथे नांदत असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो. मात्र २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, त्यावर विसंबू नका. माझा चौदावा महिना चालू आहे.

शेजारीण :
मी नुसती भिंतीपलीकडची. तक्रार तिनेच करायला हवी असं वाटायचं. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकतं, आणि खऱ्या हेतूने कळवलं तर आपल्यावर काही येत नाही, हे आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. कळवलं. उशिराच.

अजून घरातच :
वाचतेय. १८१, बायकांचा मदत क्रमांक, पाठ आहे, पण फोन त्याच्याकडे असतो. हे बहिणीच्या फोनवरून लिहितेय. कागदांच्या झेरॉक्स किराणावाल्या काकूंकडे ठेवल्यात, डाळीच्या डब्यामागे. सध्या एवढंच.