एका बैठकीत संपणारं सोलो साहस कसं आखता? माझी तिन्ही अर्धवट

साखळीचा_फासेवाला
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात वीज जायची तेव्हा मेणबत्ती लावून एकट्यानेच रोल-प्लेइंग गेम खेळायला लागलो, म्हणजे एका नायकाची गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की हो का नाही ते फाशाला विचारायचं. आमच्याकडे चार माणसं भजनाला जमतात, फाशांना नाही. वेर्ण्याला शिफ्टची नोकरी, त्यामुळे हातात आठवड्याची एकच दुपार: रविवारी, नुस्त्याचं (मासळीचं) जेवण झाल्यापासून चहा येईपर्यंत. दीड तास.

वहीत तीन साहसं आहेत, तिन्ही अर्धवट. शेवटच्याची तयारी आठ पानं. साल १८४३, राजधानी पणजी झालेली, जुनं गोवा ओस. आगुस्तीनचा मठ १८३५ पासून रिकामा, चर्चचं छत आदल्याच वर्षी कोसळलेलं. माझा नायक सरकारी कारकून, मठात राहिलेली कागदांची पेटी आणायला निघतो. नकाशा काढला, सहा पात्रं केली, प्रत्येकाचं एक गुपित लिहिलं. वाटेत रायबंदरला तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, लागलं. दार उघडं आहे का? फासा. आत कोणी आहे का? फासा. मालक ओळखीचा आहे का? फासा. पिंपात फेणी आहे का? फासा! नंतर मोजले, तेवीस प्रश्न. चहा आला तेव्हा कारकून तावेर्नातच होता. आणि मठात पोचला असता तरी काय, सगळी गुपितं मीच लिहिलेली. मला कसला धक्का बसणार?

तुम्ही लोक किती तयारी करता? आणि संपवता कसं?

म्हापसा_डी२०
आयर्नस्वॉर्न बघा, एकट्यानेही खेळता येणारा रोल-प्लेइंग गेम, २०१८ चा आहे, पीडीएफ फुकट मिळते. त्यात फासा टाकायच्या आधी शक्यता ठरवावी लागते. होणारच असं वाटत असेल तर शंभरात ११ किंवा वर आलं की हो, निम्मं-निम्मं वाटत असेल तर ५१ किंवा वर. पिंपात फेणी असणारच, तिथे फासा कशाला?

चोडणची
भाऊ, तुमच्या तावेर्नात मीही वर्षभर अडकले होते, म्हणून जरा लांब लिहिते.

आठ पानं मिटून ठेवा. तयारी एका पोस्टकार्डावर मावायला हवी, आणि त्यात गोष्ट नको.

माझे वडील मानशीवर राखणीला असत. ज्यांनी खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बांधात लाकडी दारं असतात, तीच मानस. भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना उघडतं. वडिलांच्या हाताला घड्याळ नव्हतं, पाणी बघून उठायचे. भरतीला साधारण सहा तास, म्हणून मी कागदावर गोल काढून त्याच्या सहा फोडी करते. प्रत्येक प्रसंगानंतर एक फोड काळी, नायक जिंको की हरो. सहावी भरली की पाणी आत, खेळ बंद. तुमच्या कारकुनावर कुठलंच पाणी चढत नव्हतं, म्हणून तो पीत बसला.

गेल्या शनिवारचं कार्ड तसंच उतरवते, नायक शाणू. वर प्रश्न: "पुनवेची भरती चढायच्या आत शाणू मानशीची मोडकी फळी बसवतो का?" सहा फोडींत याचं हो किंवा नाही होणारच. "शाणू खरा कोण?" असला प्रश्न घेऊ नका, तो जन्मभर पुरतो. खाली फाशाच्या आकड्यांप्रमाणे सहा अडचणी: खेकड्यांनी पोखरलेला बांध, विझलेला कंदील, होडीतून आलेली हाक, भाटकाराचा (जमीनमालकाचा) माणूस, मगर, राखणदार (गावची राखण करणारा अदृश्य देवचार). बास. कुठली कधी येईल आणि का येईल, ते मलाही माहीत नसतं.

तिसऱ्या फोडीला राखणदार आला. बांधावर काठीची टकटक, माणूस दिसत नाही. आता विचारायची वेळ. ऑरॅकल ऑरॅकल म्हणतात तो आपला कौलच हो. देवाला पाकळ्या लावून आपण लग्न जमेल का विचारतो, मांडवाला कुठला पडदा ते नाही विचारत. उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय, दोन्ही वाटांनी जायची तयारी असली तरच कौल लावायचा. एका प्रसंगाला एकच, हा माझा नेम.

मी विचारलं, राखणदार रागावलाय का? पहिल्या फोडीत मी सहज लिहून गेले होते की यंदा शाणूच्या घरचा रोट, म्हणजे राखणदाराला द्यायची भाकरी, चुकला. म्हणून शक्यता जास्त धरली, तीन किंवा वर आलं तर हो. पडले दोन. नाही! मग टकटक पुढे पुढे का चालली आहे? पेन ठेवून दोन मिनिटं नुसती बसले. तो वाट दाखवत होता. आवाज थांबला तिथे खेकड्याचं बीळ, हातभर रुंद. फळीचं राहू दे, बांधच जाणार होता.

सहावी फोड भरली तेव्हा शाणू बिळात चिखल आणि पेंढा कोंबत होता. फळी बसली नाही, बांध राहिला. शेतात थोडं खारं पाणी शिरलं, पण कोरगुट होतं, खाजनातलं भात, ते सोसतं. वेळ एक तास दहा मिनिटं.

फोंड्याचा_पात्रांव
ताई, एका प्रसंगाला एकच कौल म्हणजे फारच सोवळं झालं. आणि मी संवाद पुरे लिहून काढतो, एका प्रसंगाला वीस मिनिटं जातात. फासेवाल्याला दीड तासात चारच फोडी झेपतील. बाकी खरं सांगू? न आवडलेला कौल मी परत लावतो.

चोडणची
लावा की. पण दर खेपेला एक फोड भरा. देवळातही दुसऱ्या कौलाला दुसरा नारळ लागतो.

साखळीचा_फासेवाला
आज खेळलो. चार फोडी, पोस्टकार्ड नव्हतं म्हणून लग्नपत्रिकेच्या पाठीवर. प्रश्न: "काळोख पडायच्या आत पेटी मठाबाहेर येते का?" तावेर्नावरून कारकून सरळ पुढे गेला, मालकाने हाक मारली तरी. दुसऱ्या फोडीला उरलेल्या भिंतीची माती सुटायला लागली, तिसरीला एक कौल पात्रांवांच्या पद्धतीने परत लावला आणि ताईंच्या पद्धतीने दंड भरला. पेटी आली बाहेर! उघडली तर आत नुसती वाळवी. हे मी लिहिलेलं नव्हतं, फाशाने केलं. बायको चहा ठेवून गेली ती मला कळलीच नाही.

आता शंका एवढीच. आठ पानांतल्या सहा गुपितांपैकी चार त्या पेटीतल्या कागदांत होती. ती वाळवीने खाल्ली असंच धरायचं का?

चोडणची
खाल्ली.