मदत हवी आहे: आईचा हयातीचा दाखला, बोटांचे ठसे जुळत नाहीत

कोपरीकर: पेन्शनसाठी दाखला द्यायची शेवटची तारीख, तीस नोव्हेंबर, परवावर आलीय. आई ७६ वर्षांची. काल बँकेत तीनदा, आज सेवा केंद्रात चारदा बोटं लावली, जुळत नाहीत. चाळीस वर्षं ऑर्डरच्या पोळ्या लाटल्यात तिनं, बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. केंद्रातला मुलगा ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसत होता आणि ती म्हणत होती, "अरे बाळा, मी समोर बसलेय ना." पेन्शन थांबली तर औषधं थांबतील. लवकर सांगा.

चरईतला: ठसे सोडा, चेहऱ्यानं करा. आधी आधार फेस आरडी (आधारचं चेहरा ओळखणारं), मग जीवन प्रमाणचं, म्हणजे ऑनलाइन दाखल्याचं, अ‍ॅप. पहिल्यांदा ऑपरेटर म्हणून तुमचा चेहरा, नंतर आईचा. दहा मिनिटांत माझ्या वडिलांचं झालं.

ऐरोलीकर: पेन्शन कोणती? केंद्र, राज्य की पीएफ?

निवृत्त लेखापाल: केंद्राची असेल तर बँकेत स्वतः जाऊन कागदी दाखला देता येतो. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा असते.

कोपरीकर: आई ७६ चीच आहे हो. @चरईतला, दोनदा केलं. पापणी मिटा-उघडा म्हणतं. तिची डावी पापणी खाली आलेली आहे, ते घेतच नाही.

खारघरकर: पोस्टमनला घरी बोलवा. आमच्या सासूबाईंचं दरवर्षी तसंच होतं.

चरईतला: त्याच्याकडेही अंगठ्याचंच यंत्र असतं.

खारघरकर: आता चेहऱ्यानंही करतात. माहीत नसताना लोकांना परतवू नका.

नौपाडा: रेशनकार्डाच्या ई-केवायसीला माझ्या आजीचंही असंच झालं. नाव उडेल का?

वकिली करतो: रेशनचा वेगळा धागा काढा. आधारच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की पडताळणी फसली तर ओळख पटवायला दुसरा मार्ग हवा. लेखी तक्रार करा, पोच घ्या. समोर बसलेल्या बाईपेक्षा यंत्राचं "नाही" मोठं धरलं जातं, हे चालू देऊ नका.

ऐरोलीकर: तक्रार जरूर करा. पण पेन्शन कोणती, दुसऱ्यांदा विचारतोय!

कोपरीकर: बाबा वागळे इस्टेटला कारखान्यात होते. पीएफची, आईला विधवा पेन्शन.

ऐरोलीकर: मग नोव्हेंबरची घाईच नाही! ईपीएस-९५ चा, म्हणजे पीएफच्या पेन्शनचा, दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मागचा कधी दिलात? प्रमाण आयडीचा (ऑनलाइन दाखल्याच्या नंबरचा) जुना मेसेज शोधा.

कोपरीकर: सापडला. याच वर्षी १७ फेब्रुवारी. बँकेत कुणी बोललंच नाही, तिथं सगळ्यांनाच नोव्हेंबर सांगत होते.

ऐरोलीकर: म्हणजे फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. आता आधार केंद्रात तिचे ठसे आणि फोटो नव्यानं घ्या. मग सकाळच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून, मागे रिकामी भिंत ठेवून चेहऱ्यानं पुन्हा बघा. नाही जमलं तर पीएफ ऑफिसात आईला घेऊन जा, लेखी अर्ज द्या.

कोपरीकर: आईला सांगितलं. दोन दिवसांनी आज नीट जेवली. ठाण्यातल्या आधार केंद्रात आधी वेळ घ्यावी लागते का, की सकाळी जाऊन रांग लावू? तिला फार वेळ उभं राहवत नाही.